पत्रांतला हैदर

नकुलची रजा संपत आली होती आणि घरात अजून कुणीही त्याच्याशी भांडलं नव्हतं, याचंच त्याच्या आईला, विनीताला नवल वाटत होतं. पिंपळखुट्यांच्या घरात चार माणसं एका छताखाली आली की दुसऱ्या दिवशीच्या चहाला पहिली ठिणगी पडायची. या वेळी थँक्सगिव्हिंगसाठी सनीव्हेलहून मोठे दीर गुरुनाथ आणि जाऊ शुभाताई मॉरिसव्हिलला आले, स्टेट कॉलेज या विद्यापीठाच्या गावाहून लेक नैना एकटी ड्राइव्ह करत आली, आणि सगळे एकमेकांशी अशा मऊ आवाजात बोलत होते, जसे काही परक्याच्या घरी पाहुणे आले आहेत. कारण उघड होतं. सोमवारी नकुल परत बगदादला जाणार होता. युद्धावर निघालेल्या मुलाशी भांडणार कोण?

कॉलेज अर्धवट सोडून तो सैन्यात गेला, तेव्हा झालेला तमाशा आता जुना झाला होता. तो मेडिक झाला, म्हणजे जखमी माणसापाशी सगळ्यांत आधी पोचणारा शिपाई. तेव्हापासून हे घर त्याच्या पत्रांवर चाललं होतं. पत्रं म्हणजे ई-मेलच, पण विनीता ती प्रिंट करून घ्यायची. नकुलची मराठी रोमन अक्षरांत असायची, आणि शाळेत गणित शिकवणारी विनीता लाल पेनाने त्यातल्या चुका सुधारूनच ती फाइलला लावायची. दर रविवारी शुभाताईंना फोन करून ती पत्र वाचून दाखवायची. धूळ पिठीसाखरेसारखी आहे. मोजे पाठव. इथे भिंतीमागून भिंती बांधतायत, एका गल्लीत शिया, पलीकडच्या गल्लीत सुन्नी, मधे आम्ही. आणि मग हैदर. प्रत्येक पत्रात हैदर असायचाच.

हैदर हा त्यांच्या तुकडीचा दुभाषी. तो विनोद सांगायचा आणि शेवट विसरायचा. तो शिया, त्याची बायको रना सुन्नी, त्यामुळे दोन्ही गल्ल्यांत त्यांना जागा नव्हती. शुभाताईंनी पाठवलेलं कैरीचं लोणचं त्याने चाखलं आणि हे तर आमचंच, याला आम्ही ‘अंबा’ म्हणतो, असा दावा केला. हा शब्द माझ्या आजोळचा आहे म्हणून नकुलने त्याच्याशी दोन दिवस वाद घातला. त्या पत्रावर शुभाताई फोनवर इतक्या हसल्या होत्या की त्यांना ठसका लागला. पुढच्या पार्सलमध्ये लोणच्याची दुसरी बरणी खास हैदरच्या नावाने गेली.

म्हणूनच गुरुवारी दुपारी टेबलाशी सगळे बसलेले असताना नकुल म्हणाला, “हैदरचा व्हिसा झाला,” तेव्हा शुभाताईंनी टाळीच वाजवली.

“अगं बाई! त्या रनाचा आणि लेकीचा, झहराचा पण?”

“हो मोठी आई, तिघांचा. दुभाष्यांसाठी वेगळा व्हिसा असतो. आत्ता ते अम्मानला आहेत. जानेवारीत येतील.”

“कुठे येतील?” गुरुनाथांनी विचारलं. त्यांनी पुडाची वडी तोंडाशी नेली होती, ती तशीच थांबली.

“इथे.”

“इथे म्हणजे अमेरिकेत?”

“इथे म्हणजे या घरात.” नकुलने पाण्याचा ग्लास सरळ केला. “कुणाकडे उतरणार, तो पत्ता द्यावा लागतो. मी आपला दिला.”

 रवीने मान वर करून आधी बायकोकडे, विनीताकडे पाहिलं, मग थोरल्या भावाकडे. पन्नाशी कधीच मागे पडली होती, आरटीपी या टेक्नॉलॉजी पार्कमधल्या मोठ्या कंपनीत त्याच्या हाताखाली पन्नास माणसं होती, तरी कठीण प्रसंगी त्याची नजर आधी दादाकडेच वळायची.

“विचारलंस?” गुरुनाथ म्हणाले.

“वेळ नव्हता.”

“ई-मेल करायला किती वेळ लागतो? मोजे मागायला वेळ असतो न तुला!”

“मोठे बाबा, प्लीज.”

“काय करून राहिलास तू, कळतंय का तुला?” राग आला की गुरुनाथांच्या तोंडून थेट नागपूर बाहेर पडायचं. “दोन हजार एकच्या सप्टेंबरात माझ्या गाडीची काच कुणी फोडली? मी कुणाचं काय बिघडवलं होतं? ऑफिसातून घरी चाललो होतो. सहा वर्षं झाली, अजून मी पेट्रोल भरताना आधी मागे वळून बघतो. आणि तू इराकमधून माणसं आणून आईबापाच्या घरात ठेवतोस? शेजारी काय म्हणतील? उद्या चौकशीला कुणी दारात आलं तर?”

“दे आर व्हेटेड. माझ्यापेक्षा जास्त चौकशी झालीय त्यांची.”

“दारात येणारा माणूस कागद बघत नाही, नकुल.”

  भाऊजींची ती फुटलेली काच विनीताने पाहिली होती.

 नैना बोलेल ती भावाच्या बाजूने, असं सगळ्यांनी धरून चालायचं, कारण लहानपणापासून दोघांचा पक्ष एकच. पण नैनाने काटा खाली ठेवला आणि म्हणाली, “मला मोठ्या बाबांचं पटतं.”

“व्हॉट?” नकुल तिच्याकडे बघतच राहिला.

“भीतीचं नाही. पण यू आर लीव्हिंग ऑन मंडे. तू तिकडे, मी माझ्या थीसिसमध्ये, बाबा ऑफिसात. त्यांना सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात कोण नेणार? मुलीला शाळेत कोण घालणार? रनाला इंग्लिश येत नाही, तिच्याजवळ कोण बसणार? आई. सगळं आई करणार. आणि आईला विचारायचं तुझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.”

हे मात्र नकुलला लागलं. तो उठला, ताट सिंकमध्ये ठेवलं आणि मागच्या डेकवर जाऊन उभा राहिला. विनीता त्याच्या मागे गेली नाही. तिच्या वर्गातली मुलं चिडली की ती त्यांच्या मागे जात नसे. थोडा वेळ दिला की ती आपली आपण परत यायची.

शुक्रवारी सकाळपर्यंत घरात दोन तट पडले होते. गुरुनाथ आणि नैना एकीकडे. नैना लहानपणी मोठ्या बाबांसमोर तोंड उघडत नसे, आणि आता दोघं जण किचनच्या ओट्याशी उभे राहून नकाशावर अपार्टमेंट शोधत होते. गुरुनाथांचा तोडगा साधा होता. त्या लोकांसाठी जवळपास वेगळी जागा बघायची, सुरुवातीचं भाडं ते स्वतः भरणार, पण या घरात कुणी उतरणार नाही.

“यात वाईट काय आहे?” ते रवीला म्हणाले. “मदतीला मी नाही म्हणतच नाही. माझं म्हणणं एवढंच, मदत थोडी लांबून करावी.”

“तसं बरोबर आहे दादा,” रवी म्हणाला.

“बरोबर कसलं?” शुभाताई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. “आपण ब्याऐंशी साली आलो तेव्हा कुणाकडे उतरलो होतो हो? आपली काय ओळख होती त्यांच्याशी?”

“ते आपल्यातले होते, शुभा.”

“हो. आणि हैदर माझं लोणचं खातो. वर्षभर दर रविवारी मी त्या माणसाची चौकशी करतेय. झहराचा दुधाचा दात पडला, झहराला ताप आला. मला सनीव्हेलमधल्या शेजारणीच्या मुलीचं नाव सांगता येणार नाही, पण या पोरीचे दात मी मोजलेत. आता ती यायला निघाली तर तिला अपार्टमेंट दाखवायचं?”

शुभाताईंच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, पण विनीताने जावेला नवऱ्याविरुद्ध चारचौघांत बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. गुरुनाथांनीही बहुधा पहिल्यांदाच. ते खुर्चीत बसले.

नकुल जिन्यावरून हे ऐकत होता. तो खाली आला तो थेट टेबलापाशी. रात्री नीट झोपला नव्हता हे दिसतच होतं, पण आवाज स्वच्छ होता.

“नैना, तुझं बरोबर आहे. मी आईला विचारायला हवं होतं,” तो म्हणाला. “पण अपार्टमेंट नको. मी का म्हणतो ते सांगतो. हे पत्रात लिहिलं नव्हतं.”

“बस आधी,” विनीता म्हणाली.

तो बसला नाही.

“मार्चमध्ये आमच्या समोर एका गल्लीत मॉर्टर पडला. एक मुलगी होती, सहा-सात वर्षांची. मांडीतून रक्त जात होतं. मी पट्टा आवळला, रक्त थांबवलं, पण तिला ऑपरेशन लागणार होतं. आमच्या बेसवर त्या दिवशी जागा नव्हती. जवळ एकच हॉस्पिटल. दारात बंदूकवाले उभे, शिया मिलिशियाचे. आणि मुलीचं नाव आयेशा.”

“मग?” रवीने विचारलं.

“आयेशा हे सुन्नी नाव आहे, बाबा. त्या दिवसांत त्या दारातून आयेशा आत गेली असती तर बाहेर आली नसती. ओमर गेला असता तरी नसता आला. लोक नावासाठी मरत होते. मी हैदरला म्हटलं, सांग तुझी मुलगी आहे म्हणून.” तो थांबला. “मी म्हटलं. त्याला ते सुचलं नव्हतं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं... मग मुलीला उचललं, दारापाशी गेला, स्वतःचं ओळखपत्र दाखवलं आणि म्हणाला, ही माझी झहरा. त्यांनी आत घेतलं.”

शुभाताईंच्या हातातलं लाटणं थांबलं होतं.

“ती वाचली?” नैनाने विचारलं.

“वाचली. तिच्या मामाने नंतर नेलं तिला. पण दारातला एक जण हैदरच्या काकांच्या गल्लीतला निघाला. त्याला खरी झहरा माहीत होती. आठवड्याभरात हैदरच्या दाराखालून एक पाकीट आलं. आत बंदुकीची गोळी. चिठ्ठी नाही, काही नाही. तिथे त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. त्यांनी त्याच रात्री घर सोडलं. त्याच्या स्वतःच्या काकांनी दार उघडलं नाही त्याला. रनाच्या भावानेही नाही. दोघंही म्हणाले, आम्ही भाडं देतो, दुसरीकडे जा.”

गुरुनाथांनी मान खाली घातली. नकुलच्या ते लक्षात आलं आणि तो घाईने म्हणाला, “मोठे बाबा, मी तुम्हाला टोमणा नाही मारत आहे. आय स्वेअर. खरंच असंच झालं.”

“कळतंय मला,” गुरुनाथ म्हणाले.

“आणि हे सगळं तू मला लिहिलं नाहीस,” विनीता म्हणाली.

“काय लिहिणार, आई?”

“धूळ पिठीसाखरेसारखी आहे, असं लिहिलंस. मार्चमध्ये. मला तारीखसुद्धा आठवते.”

“ते पण खरंच होतं.”

तिला रडू येईल असं सगळ्यांना वाटलं. पण विनीताला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे ठरत नव्हतं. तेवढ्यात नैना बोलली. आवाज बदलला होता.

“ते असंच लिहितात, आई. मी चार वर्षं दुसरं काय वाचतेय?” नैनाचा थीसिस अमेरिकेतल्या जुन्या यादवीवर होता, उत्तर आणि दक्षिणेतल्या साध्या शिपायांनी घरी लिहिलेल्या पत्रांवर. “बूट फाटलेत, पाऊस थांबत नाही, वासरू विकू नका. गोळ्यांबद्दल एक ओळ, तीही शेवटी. पण मागतात तेव्हा दुसऱ्यासाठी मागतात. एक जोसाया म्हणून आहे माझ्याकडे, पेनसिल्व्हेनियातला शेतकऱ्याचा मुलगा. व्हर्जिनियात तो तापाने पडला, तेव्हा शत्रूच्या बाजूच्या एका बाईने त्याला कोठारात लपवलं. तिच्या शेजाऱ्यांना कळलं, त्यांनी कोठार जाळलं. तर याने काय करावं? त्या बाईला आणि तिच्या पोरांना सरळ आपल्या आईकडे पाठवून दिलं. न विचारता.”

“आणि आई काय म्हणाली?” शुभाताईंनी विचारलं.

“गावाने तिचं लोणी घ्यायचं बंद केलं. दक्षिणेतल्यांना घरात ठेवलं म्हणून.”

“बघा,” गुरुनाथ म्हणाले, पण त्यात आता जोर नव्हता. “मग?”

“मग काय, ती पलीकडच्या गावात जाऊन लोणी विकायला लागली.” नैना हसली. “तिचं एक उत्तर आहे माझ्याकडे. पहिल्याच ओळीत तिने जोसायाला झापलंय. माणसं पाठवायच्या आधी कळवायचं असतं, गाद्या भरायला वेळ लागतो, म्हणाली.”

विनीता मोठ्याने हसली. तिलाच अपेक्षित नव्हतं इतक्या मोठ्याने. ती दीडशे वर्षांपूर्वीची बाई तिला इतकी ओळखीची वाटली, की तिची पुढची ओळ काय असेल हेही आपण सांगू शकू असं तिला वाटलं. राग कुठे काढायचा हा प्रश्नच उरला नाही.

“ऐका सगळे,” ती म्हणाली. हा तिचा वर्गातला आवाज होता, आणि तो लागला की रवीसुद्धा पाठ ताठ करून बसायचा. “ते इथेच राहतील. गॅरेजवरची बोनस रूम रिकामी करायची. रवी, तुझे जुने कॉम्प्युटर तिथून उद्याच्या उद्या हलतील. सहा महिने राहतील, मग आपण सगळे मिळून त्यांना जागा बघू. घाईने घालवायचं नाही आणि कायमचं अडकवायचंही नाही. नैना, तुझं म्हणणं खरं आहे, मी एकटी सगळं करणार नाही. ऑफिसांची कामं बाबा करतील, त्यांना ड्राइव्ह करता येतं. हिवाळी सुट्टी संपली तरी तू दोन आठवडे इथे राहशील, थीसिस इथूनही लिहिता येतो.”

“ओके,” नैना म्हणाली.

“आणि तू.” ती नकुलकडे वळली. “तू मला यापुढे काय झालं ते लिहायचं. धूळही लिही, पण बाकीचंही लिही. मी तुझी आई आहे, सेन्सॉर नाही. मला झेपतं की नाही ते मी ठरवीन.”

“डील,” नकुल म्हणाला. 

“भाऊजी,” विनीता म्हणाली, “तुमची भीती खोटी नाही, हे मला माहीत आहे. पण हे घर माझं आहे.”

 गुरुनाथांनी टेबलावरच्या नकाशाची घडी घातली.

“गाद्या मी आणतो,” ते म्हणाले.

रविवारी सकाळी सनीव्हेलला परतायला विमानतळाकडे निघायच्या आधी गुरुनाथ अचानक दिसेनासे झाले. विनीताने खिडकीतून पाहिलं तर भाऊजी समोरच्या घरासमोर उभे होते, हातात पुडाच्या वड्यांची प्लेट. दार उघडणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याशी ते हातवारे करून बोलत होते. मग ते शेजारच्या दारात गेले. मग त्याच्या पुढच्या. परत आले तेव्हा प्लेट रिकामी होती आणि कपाळावर, नोव्हेंबरच्या त्या थंडीत, घाम होता.

“सांगून आलो,” ते म्हणाले. “पुतण्याच्या मित्राचं कुटुंब येतंय, लहान मुलगी आहे, म्हटलं. समोरचा कोरियाला लढून आलाय म्हणे. मुलीसाठी सायकल आहे म्हणाला, नातीची.” त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. “तिसऱ्या घरातल्याने मात्र काही न बोलता दार लावलं.”

“असू दे,” शुभाताई म्हणाल्या आणि त्यांच्या हातातून प्लेट घेतली. “तीनपैकी दोन.”

जानेवारीत हैदरच्या कुटुंबाचं विमान संध्याकाळी उतरलं. नकुल परत बगदादमध्ये होता. त्याचं शेवटचं पत्र पाच पानांचं आलं होतं आणि ते विनीताने फोनवर वाचून दाखवलं नव्हतं. फक्त शुभाताईंना इतकंच सांगितलं, की आपण दोघी हे समोरासमोर बसून वाचू. लाल पेनाने त्यातली एकही चूक तिने सुधारली नव्हती.

रवी आणि नैना सामानाच्या पट्ट्यापाशी गेले. विनीता एस्कलेटरच्या पायथ्याशी थांबली. हैदर तिने लगेच ओळखला. उंच, वाकलेला, विमानतळावरच्या अनोळखी माणसांकडेही बघून हसणारा. रना त्याच्या मागे, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, डोळे सगळीकडे फिरणारे. झहरा बापाच्या कडेवर होती आणि दोन्ही हातांनी कान दाबून हमसून हमसून रडत होती. विमान उतरताना तिचे कान दुखायला लागले होते.

विनीताने एक अरबी वाक्य पाठ केलं होतं. ते ती म्हणणार, तेवढ्यात हैदरने पोरीला छातीशी घट्ट धरलं, तिच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाला, “झालं झालं झालं. शूर बाळ. झालं.”

विनीता जागच्या जागी थबकली. उच्चार अरबी होता, ‘ळ’ला तो अडखळला होता, पण शब्द तिचे होते. नकुलच्या ढोपरावर आयोडीन लावताना, टोचून घ्यायला डॉक्टरकडे नेताना, सायकलवरून पडल्यावर, ती हेच म्हणायची. जसेच्या तसे.

“तुम्ही हे कुठे...” ती मराठीतच बोलून गेली आणि मग इंग्रजीत विचारलं, हे कुणी शिकवलं.

“नकुल!” हैदर म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. “तो सगळ्यांना म्हणतो. टाके घालतो तेव्हा. शिपायांना, म्हाताऱ्यांना, आमच्या गल्लीतल्या पोरांना. आता पोरं खेळताना पडली तरी एकमेकांना म्हणतात. याचा अर्थ काय, मॅडम? तो कधी सांगत नाही.”

“याचा अर्थ... संपलं. आता दुखणार नाही.”

हैदरने तिच्याकडे पाहिलं आणि जोरात हसला. “पण तो तर सुई लावायच्या आधीच म्हणतो!”

“हो,” विनीता म्हणाली आणि झहराला घ्यायला हात पुढे केले. “आधीच म्हणायचं असतं ते.”